आंबेखोल नाक्याच्या दांड्याची कैफियत

मित्रांनो, मी नाक्यावरचा एक जुना दांडा आहे, तोही मधोमध तडकलेला. रस्त्यावर आडवं पडून माणसांना थांबवणं हेच माझं काम होतं, आणि थांबवणाऱ्यावर कोण कधी माया करतो? पूल बांधला की त्याच्यापुढे नारळ फुटतो. माझ्या वाट्याला शिव्या आल्या. ड्रायव्हरांनी मला लाथा घातल्या, पान खाणारे माझ्यावर थुंकले, बैलसुद्धा मला शिंग लावून पुढे जायचे. तेव्हा माझ्या बोलण्यात कडवटपणा आला तर समजून घ्या.

मी असा जन्माला आलो नव्हतो. पार्सेच्या एका कुळागरात, माडा-पोफळींच्या बागेत, मी भेडला माड होतो. माझी झुपकेदार पानं जत्रेच्या मंडपाला लावायला लोक हौसेनं नेत. मग एक दिवस कुऱ्हाड आली. सुतारानं माझं खोड तासून गोल केलं, मला तांबडे-पांढरे पट्टे ओढले, एका टोकाला दगडांनी भरलेला डबा बांधला आणि दुसऱ्या टोकाला दोरी. पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला आंबेखोल नावाचा गाव आहे. तिथला लहान रस्ता एक व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून सिंधुदुर्गात उतरतो. त्या व्हाळाच्या अलीकडे मला दोन टेकूंवर आडवं घातलं. अलीकडे गोवा, पलीकडे महाराष्ट्र. अलीकडची लेक पलीकडे दिलेली, पलीकडची सून अलीकडे आणलेली. त्यांच्या मधोमध मी.

माझी दोरी ओढायचं काम बाबली शिपायाचं. तो स्वभावानं गरीब होता. ओळखीची गाडी दिसली की न तपासताच मला वर करायचा.

नाक्यासमोर मालतीबायचं चहाचं दुकान होतं. नवरा लवकर गेल्यावर ती माहेरी परतली होती, आणि आईबापांच्या मागं धाकट्या भावाला, विठूला, तिनंच वाढवलं होतं. सकाळी पोदेर पाव टाकून गेला की तिच्या पातळ भाजीचा वास माझ्यापर्यंत यायचा. येणारे-जाणारे सगळे ड्रायव्हर तिच्याकडे थांबत. विठू तेव्हा विशीतला होता. तो पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, होड्यांच्या, ट्रकांच्या मागच्या फळीच्या. पंचक्रोशीत त्याच्या अक्षराला तोड नव्हती.

मग गोव्यात भाषेचं भांडण पेटलं. कुणी म्हणे मराठी, कुणी म्हणे कोंकणी. रस्त्यावर झाडं आडवी पडली, बस बंद झाल्या, एका घरात जेवणारी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. त्याच दिवसांत एका हवालदारानं माझ्यावर नवी पाटी लटकवली. तिच्यावर कोंकणीत लिहिलं होतं, ‘रावात’, म्हणजे थांबा. पुढच्या सकाळी बघतो तो पाटीवर डांबर, आणि डांबरावर पांढऱ्या रंगात सुबक ‘थांबा’. मग कुणीतरी तेही खरवडलं. मग पुन्हा ‘थांबा’. मित्रांनो, मला दोन्ही शब्द सारखेच होते. गाड्या दोन्हींना थांबत. पण माणसांना ते कोण सांगणार?

तेव्हा एक अनोळखी माणूस मालतीबायकडे येऊ लागला. फोंड्याचा आहे, काजूचा दलाल आहे, असं त्यानं सांगितलं. नाव जयराम. गोड बोलायचा. मेजावर कोपरं टेकून भाजीत पाव बुडवायचा आणि सगळ्यांची चौकशी करायचा. मालतीबायला तो भला माणूस वाटला. एकदा पाटीकडे बघत तो म्हणाला, “अक्षर छान आहे हो. कोणाचं?”

मालतीबाय अभिमानानं हसली. “आमच्या विठूचां. त्याच्या हाताक वळण आसा. तो ‘थां’ बगलास? छापल्यासारखां काढल्यान!”

जयरामही हसला. चहा संपवून गेला.

त्यानंतर जीप आली. विठूला त्याच्या रंगाच्या डब्यासकट उचलून नेलं. जीपच्या मागच्या बाजूला जयराम बसला होता, तोंड दुसरीकडे फिरवून. मालतीबायनं त्याला पाहिलं. ती व्हाळाकडे निघालेल्या जीपच्या मागं धावली आणि माझ्यापाशी येऊन थांबली, कारण जीप जाताच बाबलीनं मला खाली केलं होतं. तिनं दोन्ही हातांनी मला धरलं आणि माझ्यावर डोकं आपटलं. ती पकड मला अजून आठवते.

जयराम गुप्तवार्ता खात्याचा माणूस होता. साधे कपडे घालून गावांत बसायचं, ऐकायचं आणि वर कळवायचं, हे त्याचं काम. देशाला असे कान लागतात, हे मलाही मान्य आहे. पण त्या कानांना तेव्हा पाटीवरचं डांबर ऐकायला पाठवलं होतं. विठूला कुठल्या कचेरीत ठेवलं ते कुणी सांगितलं नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. कुंचला धरला की गळून पडायचा. पहिल्यांदा पडला तेव्हा मालतीबायनं उचलून दिला. पुन्हा पडल्यावर तिनं तो चुलीत घातला.

पुढे गोवा राज्य झालं. पेढे वाटले, मला नवा रंग लावला, पाटी काढून टाकली. विठू गाडी चालवायला शिकला. स्टिअरिंग तळव्यानं दाबून फिरवायचा. डिचोलीच्या खाणीवर त्यानं खनिजाचे ट्रक हाकले, मग स्वतःचा जुना टेंपो घेतला. मालतीबायच्या दुकानात मात्र अनोळखी गिऱ्हाईक आलं की गप्पा थांबायच्या. कुणी साधा रस्ता विचारला तरी लोक म्हणायचे, “आमका काय म्हायत नाय.” सगळ्या आंबेखोलनं तोंडाला कुलूप घातलं होतं.

मग त्र्याण्णव साल उजाडलं. मार्चमध्ये मुंबईत बाँब फुटले. रेडिओ ऐकताना मालतीबायच्या दुकानात कुणी घोटभर चहा प्यायला नाही. त्यानंतर काही दिवसांतच एका सकाळी स्कूटरवरून जयराम आला. केस पांढरे झाले होते. या वेळी तो दलाल नव्हता. त्यानं बाबलीला आपलं ओळखपत्र दाखवलं.

“डिचोलीकडच्या एका खाणीतून जिलेटिनच्या कांड्या चोरीला गेल्या आहेत,” तो हळू आवाजात म्हणाला. “खाणीवाल्यांनी आधी दडवलं. आता कळतंय, माल एखाद्या लहान नाक्यावरून उत्तरेला जाणार. कुठल्या गाडीत, कुठल्या दिवशी, काही ठाऊक नाही. आजपासून प्रत्येक गाडी तपासायची.”

“वरून माणसां येतली मगे?” बाबलीनं विचारलं.

“सगळी हमरस्त्याच्या नाक्यावर लावली आहेत. इथं मी एकटाच. साहेबांना माझी बातमी कच्ची वाटते.”

“आणि तुका?”

“मलाही कच्चीच वाटते. पण पक्की होईपर्यंत थांबलो तर गाडी जाईल.”

मित्रांनो, त्या दिवसापासून मी दिवसभर खाली राहू लागलो, आणि गाव जयरामवर तुटून पडला. त्याला विहिरीवर पाणी मिळेना. त्याच्या स्कूटरची हवा सोडली, सीटवर शेण फासलं. बायका त्याच्या समोरून जाताना मुद्दाम मोठ्यानं म्हणत, “कानवालो इलो गो, तोंड बंद करा.” तो कोरडे पाव खाऊन माझ्या टेकूपाशी उभा राहायचा. गाड्यांत सापडायचं काय? नारळ, मीठ, पाहुण्यांसाठी नेलेली फेणीची बाटली. प्रत्येक रिकाम्या तपासणीनंतर लोक त्याला हसत. मलाही त्याचा राग येत होता. माझ्या छातीवर ज्याच्यामुळे त्या बाईनं डोकं आपटलं, त्याच्यासाठी मी का राबावं?

त्यानंतरच्या एका सकाळी विठू टेंपो घेऊन डिचोलीकडे निघाला. दुकानापाशी गाडी चालू ठेवूनच त्यानं चहाचा कप घेतला.

“सावंतवाडीचा भाडां आसा गो,” तो म्हणाला. “काजूची पोती. पार्टी नवी आसा. म्हणता, गाडयेत विडी ओढूची नाय, कोणाक ओढूक दिवची नाय. काजूंक विडयेचो भेव कसलो, सांग बघूया!”

तो हसत निघून गेला. मालतीबायही हसली. जयराम तेव्हा पलीकडच्या बाजूला एका बैलगाडीतलं गवत उपसत होता. त्याला काही ऐकू गेलं नाही.

थोड्या वेळानं तो रस्ता ओलांडून दुकानाशी आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

“मालतीबाय, तुमच्याकडे सगळे ड्रायव्हर थांबतात. कुणाच्या बोलण्यात काही वेगळं आलं का? मी शोधतोय ती सुरुंगाची दारू आहे. मुंबईत काय झालं ते तुम्ही ऐकलंत. अशी एक गाडी पुरते.”

मालतीबायनं भांडं आपटलं. “तेव्हा तुका पाटी दिसली, आता बाँब दिसता? आता कोणाचो हात मोडतलंस?”

“मी त्याला हात लावला नव्हता.”

“लावूक नाय. दाखवलंस.”

जयराम वळला आणि माझ्यापाशी येऊन उभा राहिला. पण मी मालतीबायकडेच पाहत होतो. तिच्या हातातलं भांडं तिरकं झालं होतं, चहा चुलीच्या कडेवर सांडत होता, आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. सुरुंगाची दारू हे शब्द आणि विडी हा शब्द तिच्या मनात एकमेकांना भिडले होते.

तिनं काय करावं? विठू तर निघून गेला होता. जयरामला सांगावं, तर पुन्हा तिच्याच तोंडून तिच्या भावाचं नाव जाणार. गेल्या खेपेला कौतुक केलं तर बोटं गेली. आता काय जाईल? आणि न सांगावं, तर कुठल्यातरी बाजारात कुणाच्यातरी चिंधड्या उडतील. ती दोनदा दुकानाबाहेर आली आणि दोनदा आत गेली. शेवटी पदर खोचून ती डिचोलीकडच्या वळणावर जाऊन उन्हात उभी राहिली. नाक्यावर पोचण्याआधीच विठूला गाठायचं आणि माघारी पाठवायचं, असं तिनं ठरवलं असावं. बाबलीनं हाक मारली तरी तिनं वळून पाहिलं नाही.

दुपार कलली तेव्हा आधी लग्नाची बस आली. नवरीला घेऊन वऱ्हाड सिंधुदुर्गाकडे परतत होतं. जयरामनं बस थांबवली आणि पेट्या उतरवायला सांगितल्या. नवऱ्याचा मामा सदाशिव खाली उतरला. मूळचा आंबेखोलचा, तापट माणूस.

“नवऱ्येची पेटी रस्त्यार उघडतलास? लाज नाय?”

“सगळ्यांच्याच उघडतो. दोन मिनिटं लागतील.”

बसच्या मागं ट्रॅक्टर अडकला, त्याच्या मागं दोन मोटारी. भोंगे वाजू लागले. तेवढ्यात वळणावर विठूचा टेंपो दिसला. मालतीबाय हात हलवत समोर धावली, पण विठूनं रांग बघून गाडी कडेनं पुढे काढली. बहीण लग्नाच्या गर्दीत आली असेल, असं त्याला वाटलं. तो थेट बसच्या शेजारी येऊन थांबला. त्याच्या मागंही गाड्या लागल्या. आता त्याला मागं वळता येत नव्हतं. मालतीबाय धापा टाकत मागून येत होती.

सदाशिवनं जयरामला नीट पाहिलं आणि ओळखलं.

“ह्योच तो! आमच्या विठूचो हात ह्येनाच मोडून घेतल्यान!”

झालं. वऱ्हाडातली माणसं आणि गावातली माणसं एक झाली. इतक्या वर्षांचा राग होता तो. कुणी जयरामची कॉलर धरली, कुणी तोंडात मारली. बाबली मधे पडला तर त्यालाही ढकललं. एकानं कोयत्यानं माझी दोरी तोडली. दहाबारा हातांनी मला टेकूवरून उपटलं आणि “जाळून टाका हो दांडो!” असं ओरडत गटारात फेकलं. मी दगडावर पडलो. तेव्हाच मला हा तडा गेला. दुखलं खूप, पण खालून मला सगळं दिसत होतं.

त्यांनी स्कूटर आडवी केली. टाकीचं झाकण उघडलं आणि पेट्रोल रस्त्यावर सांडू लागलं. रस्ता उताराचा होता. ओघळ हळूहळू विठूच्या टेंपोच्या चाकांखाली गेला. सदाशिवचा पुतण्या मालतीबायच्या दुकानात शिरला आणि चुलीतलं जळतं लाकूड घेऊन बाहेर आला.

मालतीबाय गर्दी फोडून त्याच्यावर धावली. तिनं जळतं टोकच मुठीत धरलं.

“आग लावू नकात!” ती किंचाळली. “विठूच्या गाडयेत सुरुंगाची दारू आसा!”

सगळे जागच्या जागी थिजले. लाकूड तिनं व्हाळात भिरकावलं. तिचा तळवा पोळला होता.

विठू खिडकीतून वाकून बघत होता. “खुळी की काय तू? पोत्यांत काजू आसत.”

“मग काजूंक विडयेचो भेव कित्याक रे?” मालतीबाय म्हणाली, आणि रडू लागली.

सकाळी विठू स्वतःच ज्या गोष्टीवर हसला होता, ती त्याला आता कळली.

जयरामच्या ओठातून रक्त येत होतं. पण तो सगळ्यांत आधी भानावर आला. “बस रिकामी करा! पोरांना व्हाळापलीकडे न्या! मागच्या गाड्या मागं घ्या!” मघाशी त्याला मारणारी माणसं आता त्याचं ऐकून धावत होती. विठूला कुणी काही सांगितलं नाही. त्यानं टेंपो चालू केला, तळव्यानं स्टिअरिंग दाबलं आणि बांध फोडून गाडी कापणी झालेल्या शेतात उतरवली. जयराम धावत गेला आणि दार उघडून त्याच्या शेजारी बसला. गावाला जिच्यापासून धोका होता ती गाडी घेऊन एकमेकांचे वैरी असलेले ते दोघे दूर दूर जात राहिले. घरं संपली तिथं गाडी थांबली. दोघं चालत परत आले. एकमेकांपासून अंतर ठेवून.

पुढं मोठ्या गाड्या आल्या, जाणकार माणसं आली. काजूच्या पोत्यांखाली ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या जिलेटिनच्या पेट्या होत्या, आणि पुढच्या बाजूला डेटोनेटर. खाणीवरचा एक मुकादम पकडला गेला, माल मागवणारेही सापडले. तो कुठे फुटणार होता, ते मला ठाऊक नाही. जे घडलंच नाही त्याची बातमी होत नाही. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. कुणी जयरामचे आभार मानले नाहीत, आणि मारल्याबद्दल माफीही मागितली नाही.

विठूलाही नेलं. मालतीबायवर, माहीत असून सांगितलं नाही म्हणून, खटला भरायची तयारी झाली. गाव पुन्हा म्हणू लागला, “बघा, कानवाल्यानं शेवटी दावा साधल्यान.” काय झालं ते मला बाबलीकडून कळलं, कारण तो साक्षीला गेला होता. कोर्टात जयराम उभा राहिला आणि म्हणाला, “ड्रायव्हरला काही ठाऊक नव्हतं. त्यानंच गाडी लोकांपासून दूर नेली. त्याच्या बहिणीनं मला सकाळी सांगितलं नाही, कारण पूर्वी एकदा तिच्या शब्दावरून मी तिच्या भावाला पकडून दिलं होतं. त्या कचेरीत त्याचा हात निकामी झाला. ती गप्प राहिली याचं कारण मी आहे.” त्याचे वरिष्ठ समोर बसले होते. त्यानंतर त्याला गावांतून काढून कुठल्याशा कोठारावर बसवलं, असं बाबली म्हणाला.

विठू सुटणार त्या सकाळी जयराम स्वतः ती बातमी घेऊन आला. मी तेव्हा मालतीबायच्या दुकानामागे छपराला टेकू म्हणून उभा होतो. नाक्यावर लोखंडी पाइप आला होता. जयराम उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“दुपारपर्यंत विठू घरी येईल,” तो म्हणाला.

मालतीबायनं मान हलवली. मग तिनं विचारलं, “एक सांग. त्या दिवशी मी गप रवलंय असतंय आणि गाडी तुझ्या हाताक लागली असती, तर तू विठूकच पयलो धरलो असतंस ना?”

जयराम खोटं बोलू शकला असता. ती बाई इतकी थकली होती की तिनं ते ऐकूनही घेतलं असतं.

“होय,” तो म्हणाला. “त्यालाच धरलं असतं. आणि त्यानं कितीही सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता.”

“बरां,” ती म्हणाली. “ह्या तरी खरां सांगलंस.” आणि ती आत निघून गेली. तिनं त्याला बस म्हटलं नाही. त्यालाही ती अपेक्षा नसावी. त्यानं स्कूटर ढकलत रस्त्यावर आणली आणि तो गेला.

मित्रांनो, आता मला वाळवी लागली आहे. माझ्या अंगावरचा रंग गेला, लवकरच मीही जाईन. मला जपा असं मी म्हणत नाही. पण मोठे झाल्यावर तुमच्यातलं कुणी देशाचे कान व्हायला गेलं, तर कुणाच्या घरचा पाव खाऊन त्याच घरातल्या पोराचं नाव वर कळवू नका. ज्या दिवशी खरंच काही विचारायचं असेल, त्या दिवशी त्या घरानं तोंड उघडायला हवं. आणि तुमच्यातलं कुणी घाईत असताना नाक्यावर अडलं, पेटी उघडावी लागली आणि आत काहीच सापडलं नाही, तर अडवणाऱ्याला शिवी देण्याआधी क्षणभर थांबा. रिकामी पेटी बघून सगळ्यांत जास्त बरं त्यालाच वाटलेलं असतं.